देवझरीचं उलटं इंजिन

"दसऱ्याला आमचं इंजिन पुन्हा उलटं निघालं, तर ड्रायव्हरला संस्थानाबाहेर हाकला!"

देवझरीचे महाराज रायाजीराव गरजले आणि दिवाणजींना घाम फुटला.

संस्थानाची रेल्वे ती केवढीशी! एक इंजिन, चार डबे. जंक्शनहून निघायची आणि राजवाड्यासमोरच्या स्टेशनात येऊन थांबायची. पुढे रूळच नव्हते. येताना इंजिनाचं तोंड पुढे, धुरांडं ऐटीत. पण परत जाताना ते वळवायचं कुठे? मग ते डब्यांच्या दुसऱ्या टोकाला जोडायचं, की निघालं बिचारं पाठ पुढे करून, थेट जंक्शनापर्यंत!

इतकी वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण जंक्शन होतं शेजारच्या शिंगवे संस्थानात, आणि शिंगव्याचे राजे भर मेजवानीत म्हणाले होते, "रायाजीराव, तुमची गाडी आमच्याकडे येते ती ढुंगण पुढे करून!"

झालं! महाराजांना जेवण गोड लागेना.

"सरकार," दिवाणजी म्हणाले, "इंजिन फिरवायचं तर खड्डा खणून मोठं लोखंडी चक्र बसवावं लागेल. आमराईतली थोडी जागा..."

"एक फांदी तुटता कामा नये!"

"मग पलीकडचा हौद बुजवून..."

"तिथे आमचे मासे आहेत! ते काही नाही. आहे त्या जागेत इंजिन वळवा!"

दिवाणजींनी रंगारी बोलावला आणि इंजिनाच्या पाठीवर डोळे, नाक, झुपकेदार मिशा काढून घेतल्या. आता दोन्हीकडे तोंड!

महाराजांनी चित्र निरखलं. "दिवाणजी, हे तुमच्यासारखं दिसतंय. पुसा!"

मग हत्ती आणला. सोंडेने इंजिन उचलून वळवायचं असं ठरलं. हत्ती जवळ गेला, तेवढ्यात इंजिनाने फुस्स करून वाफ सोडली. हत्ती मटकन खाली बसला आणि माहूत आंब्याच्या झाडावर!

दसरा उजाडला. इंजिन होतं तसंच, तिथेच.

यार्डात कासमभाई ड्रायव्हर कोळशाच्या ढिगाशी डोकं धरून बसले होते. इंजिनात कोळसा भरणाऱ्या बायांमधली भिवरा टोपली घेऊन तिथे आली.

"चाचा, भुतागत काय बसलाय?"

"नोकरी गेली, बेटी. या वयात मला दुसरीकडे कोण इंजिन देणार?"

"अवं, इंजिन तर शहाण्यासारखं वागतंय. महाराजांना कुणी सांगितलं न्हाई का?"

"उलटं जातंय आणि शहाणं?"

"तुमी गाडी न्हेमीसारखी काढा. बोलायचं माज्याकडं लागलं."

"अगं, तुला पण हाकलतील!"

"हाकलू द्या की! टोपली काय, कुठंबी उचलता येती!"

स्टेशनात मंडप घातला होता. महाराज सिंहासनावर, सरदार दोन्ही बाजूंना. कासमभाईंनी अल्लाचं नाव घेऊन शिट्टी दिली आणि इंजिन हळूहळू निघालं. उलटंच!

"थांबवा!" महाराज उठून उभे राहिले. "ड्रायव्हरला खाली उतरवा!"

इंजिन जागीच थांबलं. तोच कोळशाने काळी झालेली भिवरा पुढे आली आणि तिने लवून मुजरा केला.

"सरकार, चाचांची काय चूक न्हाई, इंजिनाचीबी न्हाई. ते दिवाणसाहेबांचं बघून शिकलंय!"

"माझं?" दिवाणजी किंचाळले. "मी काय केलं?"

"सरकार, दिवाणसाहेबांना जरा जायाला सांगा. समदं दिसंल तुमाला."

महाराजांनी भुवया उंचावल्या. "दिवाणजी, जा!"

दिवाणजींनी मुजरा केला. मग मान खाली घालून, तोंड महाराजांकडे ठेवून ते एकेक पाऊल मागे सरकत निघाले, ते पार झेंडूच्या टोपल्यांवर जाऊन आदळेपर्यंत!

"आता त्यांना म्हणा, पाठ फिरवून जावा," भिवरा म्हणाली.

"काय बोलतेस पोरी! आमच्यापुढे पाठ फिरवायची कुणाची टाप आहे?"

"मग इंजिनाची कशी असंल, सरकार? येताना तोंड समोर धरून येतंय, जाताना अदबीनं मागं सरत जातंय. दरबाराची रीत लोखंडाला कळली, त्याला वळवायचं कशापायी?"

सरदारांनी मिशांआड हसू दाबलं. पण महाराज हटणारे नव्हते.

"बरं! गाव ओलांडल्यावर आम्ही कुठे दिसतो? जंक्शनात कुणाची अदब राखतं ते?"

"तुमचीच, सरकार. तिथंबी त्याचं तोंड राजवाड्याकडंच. आता पाठ कुणाकडं ऱ्हाती, ते तुमीच बघा!"

महाराजांनी इंजिनाकडे पाहिलं. मग रुळांकडे. मग रूळ जिकडे जात होते, तिकडे.

"म्हणजे... शिंगव्याच्या राजांना आमचं इंजिन रोज पाठ दाखवतं?"

"रोज, सरकार! वर शिट्टी मारून!"

महाराज असे हसले की तुरा डोळ्यावर आला. सगळा मंडप हसू लागला. इंजिनावरून कासमभाईंनी आणखी एक लांबलचक शिट्टी ठोकली.

"खबरदार कुणी हे इंजिन फिरवलंत तर!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "कासमभाईंना मानाचा फेटा बांधा! आणि पोरी, तुला सोन्याचं कडं!"

"कडं ऱ्हाऊ द्या, सरकार. यार्डात तुमच्या धान्याच्या पोत्यांना शेड हाय, पर कोळसा वाहणाऱ्या बाया उनात. आमाला छप्पर द्या."

महाराजांनी उन्हात तापलेल्या यार्डाकडे पाहिलं.

"कडंही देऊ आणि छप्परही. आजच वासे उभे राहिले पाहिजेत! दिवाणजी, यार्डात जा!"

झेंडूच्या पाकळ्या झटकत दिवाणजींनी मुजरा केला आणि ते पुन्हा एकेक पाऊल मागे सरकू लागले.

"अहो, असे कधी पोचणार?" महाराजांना पुन्हा हसू फुटलं. "आज परवानगी आहे. पाठ फिरवा आणि पळा!"