कवीच्या नावाचा रस्ता

हिंदीतले वयोवृद्ध कवी रामसजीवन अवस्थी यांचं घर रस्ता रुंदीकरणात पाडायचं ठरलं, आणि त्याच आठवड्यात मंत्र्यांनी त्यांचा जाहीर सत्कार ठेवला. रामसजीवननी व्यासपीठावरच विनवलं, "मंत्रीजी, घर तेवढं वाचवा. या वयात म्हातारीला घेऊन कुठे जाऊ?"

"पंडितजी, विकास काही थांबत नसतो," मंत्री माइकवर हसले. "पण त्या रस्त्याला तुमचंच नाव देऊ!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. रामसजीवनच्या अंगाचा तिळपापड झाला, पण आवाज त्यांनी गोडच ठेवला. "मोठी कृपा! पाटी लवकर लावा. आम्ही दोघं तिच्याखालीच पथारी टाकू. लोक वर नाव वाचतील, खाली कवी बघतील, आणि हा रस्ता कोणी केला ते विचारतील."

मंत्र्यांचं हसू मावळलं. रस्ता वळला, घर वाचलं. रस्त्याला नाव मात्र मंत्र्यांच्या वडिलांचं लागलं.