हरणाबाईची उडी

फार वर्षांपूर्वी काळमाथ्यात हरणाबाई होऊन गेली. तिच्याइतक्या उंचावरून अख्ख्या मुलखात कुणी उडी मारली नाही. मुलूख म्हणजे तीन वाड्या, त्यातल्या दोन सपाटीवर. पण तिसरीत तरी तिला जोड नव्हती.

विहिरी बांधणाऱ्या बेलदाराची ही लेक, दोराला लोंबकळतच मोठी झाली. एकदा गडावर सिनेमाची कंपनी आली. नायक दिलेरराव बुरुजावरून उडी मारणार होते. त्यांनी खाली बघितलं आणि त्यांना एकदम तहान लागली. पाणी प्यायला गेले ते आलेच नाहीत. मग तिथं दगड वाहणाऱ्या हरणाबाईला कंपनीने मिशी चिकटवली, फेटा बांधला आणि तिने उडी टाकली.

तेव्हापासून बारा वर्षं उड्या हरणाबाईच्या आणि टाळ्या दिलेररावांच्या. अट एकच: हे कुणाला कळलं, तर काम बंद. असं म्हणतात, वारा तिला अलगद झेलायचा. एकदा तर ती इतकी सावकाश खाली आली, की वाटेत तिने पान लावून खाल्लं. चुना कमी पडला म्हणून चिडली, असंही म्हणतात.

पुढे जत्रेला गावाने दिलेररावांचा सत्कार ठेवला. फेटा बांधून झाला आणि पाटलांना हुक्की आली. "पाव्हणं, आमच्या विहिरीत एक उडी होऊन जाऊ द्या!"

विहीर साठ हात खोल. सगळं गाव काठावर. दिलेररावांना पुन्हा तहान लागली. त्यांनी गर्दीत हरणाबाईकडे बघितलं. बोलावं तर पोट जातं, गप्प बसावं तर माणूस जातो. ती पुढे झाली.

"आणा तो इकडं," म्हणाली, त्यांचा फेटा आपल्या डोक्याला बांधला आणि झेपावली. असं म्हणतात, तिला घ्यायला पाणी निम्म्या वाटेपर्यंत वर आलं.

ती उडी गावाने पडद्यावर शंभरदा पाहिलेली. लगेच ओळखली. हरणाबाईचं काम त्याच दिवशी सुटलं. दिलेरराव पुढे फक्त देवाधर्माच्या सिनेमात दिसले, तेही बसलेले.

अजून काळमाथ्यात पाहुणा कितीही मोठा असो, सत्काराचा फेटा त्याच्या डोक्यावर घटकाभरच राहतो. मग गावातली एखादी बाई तो उतरवून घेते, हरणाबाईचं नाव घेते आणि विहिरीत उडी मारते. गेल्या जत्रेला हा मान सरपंचांच्या सासूबाईंचा होता. पाहुणे आमदार, काठापासून चार हात लांब उभे. म्हणाले, "आजी, या वयात भीती नाही वाटत?"

सासूबाई शेमला खोचत म्हणाल्या, "फेटा तेवढा घेतलाय, सायेब. भीती तुमची तुमच्यापाशी ठेवा."