खरवडीचं पातेलं

हैबतराजाने ठकूबाई सुईणीला भर दरबारात बोलावलं आणि तिच्यापुढे तीन माणसं उभी केली.

"ओळख," राजा म्हणाला. "यांतला थोरला कोण, मधला कोण आणि धाकटा कोण. चुकलीस, तर आजपासून या राज्यात कुठल्याही बाळंतिणीच्या खोलीत तुझं पाऊल पडणार नाही."

तिघेही सीमेवरच्या चौकीतले शिपाई. तिशीच्या आतबाहेरचे, एकाच उंचीचे, एकाच वळणाच्या मिशांचे. राजधानीत त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. त्यांनी तोंड उघडायचं नाही आणि ठकूबाईने त्यांना काही विचारायचं नाही, असा राजाचा हुकूम होता.

हे सगळं सुरू झालं ते प्रधानांच्या नातवाच्या बारशाला. पाळण्याची दोरी ओढता ओढता ठकूबाई बायकांना सहज म्हणाली होती, "थोरलं वाटून खातं, मधलं मोजून खातं आणि धाकटं न विचारता खातं. केस पिकले तरी धाकटं ते धाकटंच."

बायका हसल्या. सगळ्यांत जास्त हसल्या त्या राजाच्या पाच थोरल्या बहिणी, कारण राजा त्यांच्या पाठीवरचा सहावा. हसणं राजाच्या कानावर गेलं आणि तो रुसला. दोन दिवस तो बहिणींशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने जाहीर केलं, की माणसाचा स्वभाव ज्याचा त्याचा असतो. आधी जन्मला की नंतर, याने काही फरक पडत नाही, आणि हे आपण त्या सुईणीच्याच तोंडून वदवून घेऊ.

ठकूबाईला दरबाराची भीती नव्हती. राजासकट अर्ध्या दरबाराला तिने पहिली आंघोळ घातली होती. पण तिची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरले होते. शेकडो परक्या बायकांच्या उशाशी बसलेल्या आईला स्वतःच्या लेकीच्या वेळी दाराबाहेर उभं राहावं लागलं असतं. म्हणून तिने घाई केली नाही. तिघांकडे बराच वेळ बघितलं. मग मुदपाकखान्यातून एक वस्तू मागवायची परवानगी मागितली. राजाने ती दिली.

"आज बासुंदी झाली ना?" ठकूबाई म्हणाली. "मग ते दूध आटवलेलं पातेलं आणा. घासायला टाकलं असेल तर तसंच उचलून आणा. आणि एक उलथनं."

आचारी फार खट्टू झाला. खरकटं पातेलं दरबारात न्यायचं म्हणजे सात पिढ्यांची अब्रू जायची, असं तो वाटभर पुटपुटत होता. पण पातेलं आलं. बुडाला बदामी रंगाची जाड खरवड धरलेली, साखर आणि वेलदोड्याचा वास दरबारभर. ठकूबाईने ते तिघांच्या मधोमध ठेवलं, उलथनं आत टाकलं आणि त्यांना बसायला सांगितलं.

तिघे बसले. कुणीच हात घातला नाही.

थोड्या वेळाने पहिल्याने पातेलं दुसऱ्याकडे सरकवलं. दुसऱ्याने मान हलवली आणि तिसऱ्याकडे सरकवलं. तिसऱ्याने उलथन्याने छान मोठा पापुद्रा सोडवला, आणि तो पहिल्यापुढे धरला. पहिल्याने त्याचे दोन तुकडे करून दोघांना दिले. दोघांनी ते परत पातेल्यात ठेवले. पातेलं पुन्हा फिरू लागलं. तिघांच्या तोंडाला पाणी सुटलेलं दिसत होतं, पण खायला कुणी तयार नव्हतं.

एव्हाना राजा गादीवरून पुढे सरकला होता. मग एक पायरी उतरला. मग दुसरी.

ठकूबाई म्हणाली, "महाराज, यांत मधला नाही आणि धाकटाही नाही. हे तिघेही थोरले आहेत, तीन निरनिराळ्या घरचे. 'तू मोठा ना, राहू दे, त्याला दे,' हे ऐकत लहानाचे मोठे झालेत बिचारे. मधला असता तर त्याने आधी कुणाला किती मिळतंय ते पाहिलं असतं. आणि धाकटा असता, तर पातेलं एवढा वेळ भरलेलं राहिलंच नसतं."

राजाने शिपायांना बोलायची परवानगी दिली. तिघांनी खाली मान घालून कबूल केलं. एकाच्या पाठीवर चार भावंडं, एकाच्या सहा, एकाच्या दोन. तीन आया, तीन गावं.

"पण तुला कळलं कसं, की मी तिघेही थोरलेच..." राजाचं वाक्य अर्धवट राहिलं, कारण तोंड भरलेलं होतं. बोलता बोलता तो पातेल्याशी येऊन बसला होता. उलथनं त्याच्या हातात होतं आणि खरवड अर्धी झाली होती.

दरबाऱ्यांनी हसू दाबायला तोंडाला उपरणी लावली.

ठकूबाई हळूच म्हणाली, "महाराज, तीन थोरले ओळखायला मला पातेलं लागलं. धाकटा मात्र आपल्या पायांनी चालत आला."

राजाने हातातल्या उलथन्याकडे पाहिलं. मग पातेल्याकडे. आणि इतका हसला, की त्याला ठसका लागला. पाच बहिणींतल्या थोरल्या आक्कासाहेबांनी सवयीनेच पुढे होऊन त्याची पाठ चोळली, पदराने मिशा पुसल्या, आणि दरबाराला हसायची मोकळीक मिळाली.

राजाने बक्षीस काय हवं ते विचारलं. ठकूबाईने स्वतःसाठी काही मागितलं नाही. डोंगरातल्या वाड्यांवरून अवघडलेल्या बायका बैलगाडीत धक्के खात येतात, त्यांची काही सोय व्हावी, एवढंच ती म्हणाली. राजाने आपला स्वतःचा मेणा आणि आठ भोई त्या कामाला तोडून दिले.

एवढ्यात घरून निरोप आला, लेकीला कळा सुरू झाल्या. राजाने ठकूबाईलाच मेण्यात बसवलं.

"पहिलटकरीण ना?" तो म्हणाला. "म्हणजे थोरलं येतंय. त्याला आमच्याकडून सांग, पाठीमागून येणाऱ्यांना जरा सांभाळून घे म्हणावं. आमचा काही इलाज नसतो."