दिघेसाहेबांनी पुसलेली ओळ

कराडच्या तुळसाबाई धोत्रे गुळगुळीत झालेल्या पाट्या-वरवंट्यांना छिन्नीने टाकी घालून देत. भाचीने त्यांची वेबसाइट केली आणि शोधणाऱ्यांना सापडावी म्हणून मेटा टॅगमध्ये साधी ओळ लिहिली: ‘पाट्याला टाकी घालून मिळेल, घरी येऊन’. कामाचे फोन येऊ लागले.

मग व्यापारी मंडळाने सगळ्यांच्या वेबसाइट सुधारायला दिघेसाहेब नेमले. त्यांनी न विचारता ती ओळ पुसून लिहिलं, ‘वारसा पाषाण समाधान, अव्वल दर्जा’. दोन महिने तुळसाबाईंचा फोन वाजला नाही.

भर बैठकीत त्या उभ्या राहिल्या. “माझी ओळ परत घाला.”

“बाई, असलं गावठी कोण शोधतं?” दिघे हसले, मंडळीही हसली.

तुळसाबाईंचं डोकं तापलं. जन्मात छिन्नी न धरलेला माणूस त्यांच्या कामाचं बारसं करत होता!

“साहेब, तुमच्या घरी पाटा आहे?”

“आहे की. आईला त्यावरचीच चटणी लागते.”

“मग लावा आईंना फोन, सगळ्यांना ऐकू येईल असा. विचारा, पाटा गुळगुळीत झाला तर मोबाइलवर काय शोधाल?”

दिघ्यांनी ऐटीत विचारलं. पलीकडून म्हातारी कडाडली, “पाट्याला टाकी घालून मिळेल का, हेच शोधतेय महिनाभर! एक माणूस सापडेल तर शपथ!”

“सापडले असते, आई,” तुळसाबाई फोनकडे वळून म्हणाल्या. “माझा पत्ता तुमच्या लेकानेच पुसला.”

दिघ्यांनी लॅपटॉप उघडून जुनी ओळ परत लिहायला घेतली. फोन अजून चालूच होता.

“अरे, आधी त्या बाईंना घरी घेऊन ये!”