शिंपिणीचा वाडगा आणि निळी फुलं

एक होती शिंपीण. पानाला पान शिवून घरटं करणारा पक्षी असतो ना, तीच. अंगठ्याएवढी. शेपटी मात्र वर.

विभाबाईंच्या बागेत होता एक मातीचा वाडगा. वाडग्याला टवका. वाडग्यात पाणी. शिंपीण रोज यायची. टुणुक टुणुक. चोच बुडवायची. डुबुक.

मे महिना आला. ऊन असं तापलं, असं तापलं. (टोपीशिवाय नाही हं जायचं बाहेर.) शिंपीण आली. टुणुक टुणुक. बघते तर वाडगाच नाही.

कारण आज बागा बघायचा रविवार. कॉलनीत सगळी फाटकं उघडी. पाहुणे या बागेतून त्या बागेत.

शिंपीण गेली माळीदादांकडे. टुणुक टुणुक.

"माळीदादा, माळीदादा, वाडगा ठेवा. चोच माझी भिजेना."

माळीदादा म्हणाले, "तो फुटका? आज? बाई सांगतील तेव्हा ठेवीन."

"हूं. मोठे आले माळीदादा," म्हणाली शिंपीण.

गेली विभाबाईंकडे. टुणुक टुणुक.

"बाई, बाई, माळ्याला सांगा.
माळी वाडगा ठेवीना,
चोच माझी भिजेना."

बाई म्हणाल्या, "गुलाबी कुंड्यांत मळका वाडगा? शू, शू. पाहुणे जातील तेव्हा सांगीन."

"हूं. मोठ्या आल्या बाई," म्हणाली शिंपीण.

गेली पाहुण्यांकडे. टुणुक टुणुक.

"पाहुणे, पाहुणे, घरी जा.
बाई माळ्याला सांगेना,
माळी वाडगा ठेवीना,
चोच माझी भिजेना."

पाहुणे म्हणाले, "एवढीशी ही, आणि आम्हाला जा म्हणते. बाकीच्या बागा सगळ्या सुकल्या. इथं बघ, जास्वंदीला निळी फुलं. ती खाली पडतील तेव्हा जाऊ."

"हूं. मोठे आले पाहुणे," म्हणाली शिंपीण.

गेली निळ्या फुलांकडे. टुणुक टुणुक.

"फुलांनो, फुलांनो, खाली पडा.
पाहुणे घरी जाईनात,
बाई माळ्याला सांगेना,
माळी वाडगा ठेवीना,
चोच माझी भिजेना."

फुलं म्हणाली, "आम्ही? आम्ही काय साधी फुलं आहोत? आम्हाला पाणी लागत नाही. आम्ही कोमेजत नाही."

"आणि वास?"

"वास साध्यांना असतो. दोरा सुटेल तेव्हा पडू."

"हूं. मोठी आली फुलं," म्हणाली शिंपीण.

फुलांच्या मागे होता दोरा. काल संध्याकाळी बाईंनी गुपचूप बांधलेला. शिंपीण गेली दोऱ्याकडे. टुणुक टुणुक.

"दोऱ्या, दोऱ्या, सूट ना.
फुलं खाली पडेनात,
पाहुणे घरी जाईनात,
बाई माळ्याला सांगेना,
माळी वाडगा ठेवीना,
चोच माझी भिजेना."

दोरा म्हणाला, "मी नाही सुटत. तीन गाठी मारल्यात मला. गाठी सोडवणारं कोण आहे इथं?"

शिंपिणीनं शेपटी अजून वर केली.

"गाठी? मला गाठी सांगतोस? अरे, शिवणकाम कुणाचं? माझं."

चोचीनं धरली एक गाठ. खुट्.
दुसरी गाठ. खुट्.
तिसरी गाठ. खुट्.

दोरा सुटला.
फुलं खाली पडली. टप टप टप.
एक पडलं पाहुण्यांच्या पायाशी. पाहुण्यांनी उचललं, दाबलं, हुंगलं.

"अगंबाई, प्लास्टिकचं आहे."

खी खी, खू खू करत पाहुणे घरी गेले.

बागेत उरली एक सुकलेली जास्वंद. आणि विभाबाई. बाईंचे गाल लाल, अगदी खऱ्या जास्वंदीसारखे.

बाई माळ्याला हळूच म्हणाल्या, "माळीदादा, झाडाला पाणी घाला. आणि तो वाडगा ठेवा हो."

माळ्यानं वाडगा ठेवला. तोच, टवक्याचा. काठोकाठ भरून.

शिंपीण आली. टुणुक टुणुक. चोच भिजली. डुबुक. शेपटी भिजली. फडफड फडफड. बाईंची नवी साडी पण भिजली. बाईंनी नुसता पदर पिळला.

आणि निळी फुलं? ती गेली केराच्या बादलीत. तिथंही कोमेजली नाहीत.

दोरा गेला घरट्याला,
पाणी आलं वाडग्याला,
गोष्ट आली काठाला.