पहिल्याच प्रयत्नात

“...मग सर, परत येताय ना?”

घैसास सर औदुंबर गावातल्या आपल्या घरी ओसरीवर शेवग्याच्या शेंगा सोलत बसले होते. जिल्ह्याच्या रुग्णालयातला तातडीचा विभाग त्यांनी वीस वर्षं चालवला. रेहाना मुल्ला त्यांच्याच हाताखाली डॉक्टर म्हणून घडली, आणि आता तोच विभाग सांभाळत होती.

“माझं वय झालं. तिकडे काय बिनसलंय ते सांग.”

तिनं वही पुढे केली. श्वास अडकलेल्या रुग्णाच्या श्वासनळीत नळी घातली की या वहीत नोंद व्हायची. कोणी घातली, कितव्या प्रयत्नात.

“तुमच्या वेळी शंभरातल्या पंच्याण्णव नळ्या पहिल्याच प्रयत्नात जायच्या. आता अठ्ठ्याहत्तर. तीन वर्षं जिवाचं रान केलं, सर. सराव घेतले, नवी उपकरणं आणली... पण ते दिवस काही परत येत नाहीत. तुमचा आवाज नसला की त्या खोलीत पाऊलच टाकवत नाही.”

सरांनी पानं उलटली. एका नोंदीवर त्यांचं बोट थांबलं.

‘तिसरा प्रयत्न. ऑक्सिजन साठपर्यंत उतरला. मदत उशिरा मागितली.’

“हे कोणी लिहिलं?”

“पतंगेनं. नवा आहे. आधी मला येऊन सांगितलं, मग आपणहून लिहिलं. आता पहिला प्रयत्न फसला की लगेच हाक मारायची, असं ठरवलंय आम्ही.”

“रुग्ण?”

“चालत घरी गेला.”

सरांनी प्रयत्नांच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“तू शिकत होतीस तेव्हा प्रयत्नांचा रकाना होता?”

“होता की.”

“काय लिहायचीस त्यात?”

“एक.”

“नेहमी?”

रेहानाला तो एसटीचा कंडक्टर आठवला. तीनदा नळी चुकली होती. चौथ्यांदा सिस्टरांनी गळ्यावर हलकेच दाबलं, तेव्हा कुठे आत गेली. सर राउंडला यायच्या आत तिनं घाईघाईनं ‘एक’ लिहिलं होतं.

“...तुम्हाला ठाऊक होतं?”

“मी कधी विचारलं नाही. पंच्याण्णव बरं दिसायचं.”

ज्या दिवसांसाठी ती तीन वर्षं झुरत होती, ते दिवस तिला एकाएकी अनोळखी वाटले. डोळे भरून आले, तरी तिनं मान वर केली.

“मग तो आकडा कशाचा होता, सर?”

सरांनी वही मिटली, कपाळाला लावली आणि दोन्ही हातांनी तिच्याकडे दिली.

“माझ्या धाकाचा.”