उणे पाण्याची टाकी

सूतगिरणीच्या नव्या टाकीचा पंप आता संगणक चालवणार होता. त्याचा प्रोग्राम मुख्य अभियंता रणसिंगसाहेबांनी सी भाषेत स्वतः लिहिला होता. टाकीतल्या लिटरांचा आकडा त्यांनी ‘इंट’मध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या ठरावीक मापाच्या खान्यात, साठवला होता. त्यांच्या हाताखालची हेमांगी देसले म्हणाली, “साहेब, ऑफिसातल्या संगणकावरचा इंट चार बाइटचा आहे, पण पंपावरच्या चिपचा दोनच बाइटचा. त्यात बत्तीस हजारांच्या थोडं पुढपर्यंतच मावतं, त्यापुढे आकडा उलटतो. आपली टाकी तर चाळीस हजार लिटरची!”

“इंट म्हणजे इंट! मला शिकवू नकोस,” साहेब गरजले.

उद्घाटनाला संचालक मंडळ टाकीवर जमलं. पडद्यावरचा आकडा चढत चढत ३२७६७ झाला आणि पुढच्याच क्षणी तिथे उणे ३२७६८ उमटला! टाकी रिकामी समजून पंप पाणी ओततच राहिला. टाकी काठोकाठ येत चालली, आणि ती ओसंडली तर पायथ्याशीच विजेची खोली होती.

“साहेब, पंप बंद करू?”

“खबरदार! माझा प्रोग्राम चुकत नाही. टाकीत थेंबभरही पाणी नसणार.”

हेमांगीने टाकीचं झाकण उघडलं आणि आतली शिडी दाखवली. “मग साहेब, तळाशी उतरून सगळ्यांना दाखवाच. तोवर मी पंप चालू ठेवते.”

साहेब ऐटीत वाकले. काळंभोर पाणी त्यांच्या नाकाशी आलं होतं.

“बंद कर!” ते किंचाळले. “मला पोहता येत नाही!”